जोरकस हम्बकर आणि त्याचे अनेक आवाज

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे मुळात एक चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे दिलेली तांब्याची अतिशय बारीक तार. गिटारची पोलादी तार छेडली की ती या चुंबकाच्या क्षेत्रात थरथरते, त्या थरथरीबरोबर क्षेत्र कमीजास्त होते आणि कॉइलमध्ये विजेचा क्षीण दाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम तो हाच. हा दाब एका व्होल्टच्या काही दशांशांइतकाच असतो. केबलमधून तो अ‍ॅम्पपर्यंत जातो, तिथे वाढतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. वेढे किती, तार किती जाड, चुंबक कशाचा आणि कॉइल एक की दोन, एवढ्या चार-पाच गोष्टींवर पिकअपचा स्वभाव ठरतो. दोन कॉइलच्या, भरपूर वेढ्यांच्या आणि म्हणून जोरकस आउटपुटच्या हम्बकरवर मात्र ‘फक्त हेवी मेटलसाठी’ असा शिक्का बसला आहे. त्याची घडण आणि इतिहास पाहिला तर हा शिक्का टिकत नाही.

दोन कॉइलची गरज पडली ती घुमण्याच्या आवाजामुळे. घरातल्या वायरिंगभोवती, ट्रान्सफॉर्मरभोवती, ट्यूबलाइटच्या चोकभोवती सतत बदलते चुंबकीय क्षेत्र असते. ते भारतात सेकंदाला ५० वेळा आणि अमेरिकेत ६० वेळा बदलते. एका कॉइलच्या पिकअपला गिटारच्या तारेचे क्षेत्र आणि हे बाहेरचे क्षेत्र यांत फरक करता येत नाही. तो दोन्ही पकडतो आणि गिटार थांबली तरी स्पीकरमधून घूं-घूं चालूच राहते. मिशिगनमधील कॅलमझू इथे गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचे वेढे दुसरीच्या उलट दिशेने जोडले आणि दोघींच्या चुंबकीय ध्रुवांची दिशाही उलट ठेवली. बाहेरून येणारी घुमघुम दोन्ही कॉइलमध्ये सारख्याच प्रमाणात शिरते, पण वेढे उलट असल्याने एकीतली दुसरीतलीला मारून टाकते. गिटारच्या तारेचा संदेश मात्र वेढे आणि ध्रुव असा दोनदा उलटल्यामुळे पुन्हा सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. लव्हर यांनी २२ जून १९५५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ते २८ जुलै १९५९ रोजी मिळाले. दरम्यान १९५७ पासून हे पिकअप लेस पॉल गिटारवर बसू लागले होते. त्यांच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असे लिहिलेली पट्टी असे. त्याच आद्याक्षरांवरून त्यांना पॅफ म्हणतात. त्याच सुमारास रे बट्स यांनीही ग्रेच कंपनीसाठी स्वतंत्रपणे असाच पिकअप तयार केला होता.

पॅफच्या प्रत्येक कॉइलला साधारण पाच हजार वेढे असत. वेढे देणाऱ्या यंत्रावरचे काम हाताच्या अंदाजाने थांबवले जाई, त्यामुळे नगागणिक फरक पडे. मापल्यास त्यांचा रोध बहुधा ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान भरतो. दोन कॉइल एकसर जोडल्याने आवाज एका कॉइलच्या पिकअपपेक्षा मोठा आणि भरदार येतो. शिवाय या दोन कॉइल तारेच्या दोन निराळ्या जागा ऐकतात. त्या जागांतले अंतर दोन सेंटिमीटरहून थोडे कमी असते. काही वरचे उपस्वर त्या दोन जागी परस्परविरुद्ध हलतात आणि बेरजेत गळून पडतात. हम्बकरच्या आवाजाला येणारी गोलाई काही अंशी इथून येते. म्हणजे घुमघुम घालवण्यासाठी केलेल्या रचनेने एक नवा नादच जन्माला घातला.

याहून जोरकस पिकअप हवासा वाटू लागला तो अ‍ॅम्पमुळे. १९६० च्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये आवाज फाडायचा, म्हणजे डिस्टॉर्शन आणायचे, तर अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजवावा लागे. शंभर वॅटचा मार्शल पूर्ण उघडणे मोठ्या रंगमंचावर शक्य होते, खोलीत किंवा छोट्या क्लबात नव्हे. आवाजाची पातळी वेगळी आणि फाटण्याचे प्रमाण वेगळे ठेवू देणारा मास्टर व्हॉल्यूम मार्शलच्या अ‍ॅम्पवर १९७५ च्या सुमारास आला. त्याआधी वादकाच्या हाती एक सोपा मार्ग होता. गिटारमधूनच इतका जोराचा संदेश पाठवायचा, की अ‍ॅम्पचा पहिलाच टप्पा त्याने ओसंडून जाईल. न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात काम करणाऱ्या लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२ मध्ये नेमका हाच हेतू धरून सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आणला. त्यात वेढे जास्त होते आणि अ‍ॅल्निकोऐवजी सिरॅमिक चुंबक होता. गिटार विकत घेतल्यावर तिचा पिकअप काढून दुसरा बसवण्याचा धंदा खऱ्या अर्थाने याच पिकअपने सुरू केला.

वेढे वाढवण्याची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती समजल्याशिवाय या पिकअपचा उपयोग नीट कळत नाही. वेढे वाढले की दाब वाढतो, पण कॉइलचा इंडक्टन्सही वाढतो, तोही वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक संस्पंदन तयार होते. त्या वारंवारतेला आवाज थोडा उठतो आणि तिच्यावरचे सगळे झपाट्याने उतरते. पाच मीटरच्या केबलचा कपॅसिटन्स साधारण ५०० पिकोफॅरॅड असतो. त्यात कॉइलचा स्वतःचा सुमारे १०० मिळवला तर गणित असे येते. सुमारे २.४ हेन्रीचा स्ट्रॅटोकास्टरचा एका कॉइलचा पिकअप ४२०० हर्ट्झच्या आसपास उठतो. सुमारे ४.४ हेन्रीचा पॅफ ३१०० हर्ट्झला उठतो. ८ हेन्रीचा जोरकस हम्बकर २३०० हर्ट्झलाच उठतो आणि त्यावरची चमक हरवतो. जोरकस पिकअप ‘चिखल झालेला’ वाटतो अशी तक्रार असते, तिचे मूळ या आकड्यांत आहे. २३०० हर्ट्झचा तो उठाव गिटारच्या आवाजातल्या वरच्या मध्य पट्ट्यात येतो. त्यामुळे ड्रम आणि बासच्या गर्दीतूनही एकल वादन पुढे येते. सफाईने वाजवलेल्या खुल्या कॉर्डला मात्र वरचा झंकार लागतो, तो इथे कमी पडतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पिकअपची ताकद किलोओहमवरून ठरवण्याची सवय दुकानांतही आहे आणि वादकांतही. रोध हा तारेच्या लांबीवर जसा अवलंबून असतो तसाच जाडीवरही. पॅफमध्ये वापरलेली ४२ क्रमांकाची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते, तर ४४ क्रमांकाची सुमारे ०.०५ मिलिमीटर. तेवढ्याच वेढ्यांना बारीक तार वापरली तर रोध दीडपटीच्या आसपास जातो, पण वेढे तेवढेच असल्याने दाब काही तेवढा वाढत नाही. सेमूर डंकन यांच्या जेबी या पिकअपचा रोध १६ किलोओहमच्या वर आहे, तर सुपर डिस्टॉर्शनचा १४ च्या आत. तरी आउटपुटने सुपर डिस्टॉर्शन मागे नाही. म्हणून केवळ या एका आकड्यावर पिकअप निवडू नये.

चुंबकाची बाजूही पाहिली पाहिजे. अ‍ॅल्निको हे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांचे धातुमिश्रण. सिरॅमिक चुंबक लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून करतात. त्याचे क्षेत्र जोरदार असते आणि तो वीजवाहक नसतो. त्यामुळे कॉइलचे वेढे न वाढवता आउटपुट वाढते, शिवाय आघात अधिक घट्ट आणि स्पष्ट ऐकू येतो. जोरकस हम्बकरमध्ये सिरॅमिक इतका आढळतो तो याच कारणाने. वेढ्यांमुळे गेलेल्या स्पष्टतेचा काही भाग तो परत मिळवून देतो. अ‍ॅल्निको पाच वापरलेला जेबी मात्र थोडा सैल आणि गाता वाटतो.

आता वापराची नोंद पाहू. सुपर डिस्टॉर्शन एस फ्रेलीच्या लेस पॉलवर होता, आणि किस या बँडच्या मैफलींतला तो जाडजूड आवाज त्याचाच. तोच पिकअप अल डी मिओलाने जॅझ-फ्यूजनमध्ये, अतिवेगाच्या आणि प्रत्येक सूर सुटा ऐकू येणाऱ्या वादनासाठी वापरला. आयर्न मेडनच्या डेव्ह मरेच्या स्ट्रॅटोकास्टरवर तो होता, आणि कर्ट कोबेनच्या १९६५ च्या जॅग्वारच्या ब्रिजजवळही. चौघांच्या संगीतात जवळपास काहीच सामाईक नाही. जेबीची कथा तर आणखी बोलकी. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये काम करत असताना सेमूर डंकन यांनी जेफ बेकसाठी एका टेलिकास्टरमध्ये गिब्सनचे दोन हम्बकर नव्याने वेढे देऊन बसवले. बेकच्या १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’ या अल्बममधल्या एका संथ, रडवेल्या बॅलडमध्ये हीच गिटार ऐकू येते. त्या वादनात सूर शांततेतून हळूच उगवतो, फुगतो आणि विरतो. आघात जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण बेक व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने फिरवत वाजवायचा. पुढे त्याच ब्रिज पिकअपवरून बाजारात आलेला जेबी मेगाडेथच्या डेव्ह मस्टेनने थ्रॅश मेटलसाठी वापरला. एका टोकाला बॅलड, दुसऱ्या टोकाला थ्रॅश, आणि पिकअप एकच.

हे शक्य होते कारण जोर कमी करता येतो. कमी आउटपुटच्या पिकअपला जोर द्यायचा तर मध्ये पेडल किंवा जादा गेन लागतो, आणि त्याबरोबर खरखरही वाढते. जोरकस पिकअपला उलट दिशेने जायचे असते आणि त्यासाठी लागणारी सगळी साधने गिटारवरच असतात. पहिले साधन म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब. अ‍ॅम्प मध्यम फाटेल असा लावावा आणि नॉब १० वरून ६-७ पर्यंत आणावा, की फाटलेला आवाज साफ होत जातो. ८ च्या आसपास ब्लूजला शोभेल अशी कडा उरते आणि ४-५ वर कॉर्ड स्वच्छ वाजतात. यात एक अडचण येते. नॉब खाली आणला की त्याचा रोध केबलच्या कपॅसिटन्सबरोबर मिळून वरच्या वारंवारता आणखी खातो. त्यावर जुना उपाय आहे. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधाच्या) संदेश आत येणाऱ्या आणि मधल्या टोकांमध्ये सुमारे १००० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आणि बहुतेकदा त्याच्यासोबत दीडशे किलोओहमच्या आसपासचा रोध जोडला की वरची चमक टिकते. हे काम सोल्डरिंग येणारा कोणीही पाऊण तासात करू शकतो आणि त्याला खर्च नगण्य येतो. जोरकस पिकअप असलेल्या प्रत्येक गिटारमध्ये हे असायला हवे.

दुसरे साधन पिकअपच्या केबलमध्ये असते. जुन्या हम्बकरमधून एक तार आणि भोवतीची जाळी एवढेच बाहेर येई. आधुनिक हम्बकरमधून मात्र दोन कॉइलची चारही टोके स्वतंत्र रंगांनी बाहेर येतात, शिवाय एक उघडी भूतार. डिमार्झिओच्या रंगसंगतीत लाल ही संदेशाची तार, हिरवी भूतार, आणि काळी-पांढरी एकत्र जोडली की दोन कॉइल एकसर होतात. सेमूर डंकनमध्ये काळी संदेशाची, हिरवी भूतार, आणि लाल-पांढरी एकत्र जोडायची. एका कंपनीचा नकाशा दुसऱ्या कंपनीच्या पिकअपला लावला तर आवाज बारीक येतो किंवा येतच नाही, आणि मग दोष पिकअपवर ढकलला जातो. ही टोके वर ओढता येणाऱ्या पुश-पुल पॉटांवर नेली की एकाच पिकअपमधून तीन निरनिराळे पिकअप निघतात.

पहिली जोडणी नेहमीची एकसर. दुसऱ्या जोडणीत मधला सांधा भूतारेला जोडून एक कॉइल बाजूला काढतात. त्याला कॉइल स्प्लिट म्हणतात. जोरकस हम्बकरचे खरे श्रेष्ठत्व इथे दिसते. पॅफची एक कॉइल उरली तर तिच्यात केवळ पाच हजार वेढे आणि क्षीण दाब राहतो. असा आवाज पातळ आणि अशक्त वाटतो, आणि स्प्लिट हा दिखाऊ प्रकार आहे असे मत बनते. आठ हेन्रीच्या हम्बकरची एक कॉइल मात्र साधारण चार हेन्रीची असते. वरच्याच केबलवर ती सुमारे ३२५० हर्ट्झला उठते, म्हणजे अख्ख्या पॅफच्या जवळ, आणि तिचा जोर एका कॉइलच्या चांगल्या पिकअपइतका भरतो. या जोडणीत घुमघुम मात्र परत येते, कारण तिला मारणारी दुसरी कॉइल गेलेली असते. तिसरी जोडणी समांतर. दोन्ही कॉइल चालू राहतात, घुमघुम परत येत नाही, दाब एकसरच्या साधारण निम्मा होतो आणि इंडक्टन्स एक चतुर्थांशावर येतो. आठ हेन्रीचे दोन हेन्री होतात आणि उठाव ४६०० हर्ट्झपर्यंत चढतो. चमकदार, स्वच्छ आणि निःशब्द पार्श्वभूमीचा हा आवाज स्प्लिटपेक्षा उपयोगी असूनही कमी वापरला जातो, हे खेदाचे आहे. फंकच्या तुटक तालवादनाला आणि गायकाच्या मागे वाजणाऱ्या खुल्या कॉर्डना तो फार साजतो. डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शनची चार तारांची आवृत्ती ड्युअल साउंड या नावाने काढली होती, ती याच बदलासाठी.

या विचाराला पूर्ण रूप मिळाले ते १९८७ मध्ये आलेल्या, स्टीव्ह वायसाठी बनवलेल्या आयबानेझ जेम गिटारमध्ये. तिच्यावर दोन टोकांना हम्बकर आणि मध्ये एका कॉइलचा पिकअप असतो, आणि खटका पाच जागांचा. पहिल्या जागी ब्रिजचा पूर्ण हम्बकर वाजतो. दुसऱ्या जागी त्याच हम्बकरची एक कॉइल आपोआप सुटी होऊन मधल्या पिकअपबरोबर वाजते आणि स्ट्रॅटोकास्टरची ओळखीची पोकळ चमक मिळते. तिसऱ्या जागी मधला एकटा. चौथ्या जागी मधला आणि नेकच्या हम्बकरची एक कॉइल. पाचव्या जागी नेकचा पूर्ण हम्बकर. वादकाला नॉब ओढायचा नाही, काही आठवायचे नाही. खटका सरकवला की पिकअपची जातच बदलते. पुढे वायने या गिटारसाठी इव्होल्यूशन हा सिरॅमिक चुंबकाचा जोरकस पिकअप घेतला आणि त्यावरही हे पाचही आवाज टिकले.

पिकअप कुठे बसतो आणि किती उंच, यानेही बराच फरक पडतो. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि उपस्वर जास्त असतात, म्हणून तिथे जोरकस, वरची कडा थोडी कमी असलेला पिकअप चपखल बसतो. नेकजवळ तार मोकळी झुलते आणि खर्ज भरपूर असतो. तिथे तोच पिकअप लावला तर आवाज जाड आणि गढूळ होतो. अनेक वादक ब्रिजला जोरकस आणि नेकला पॅफसारखा मध्यम पिकअप ठेवतात ते अनुभवातून. उंचीचे काम दोन बाजूंच्या स्क्रूंनी होते. पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर आउटपुट वाढते खरे, पण जोरदार चुंबक तारांना ओढतात. त्यामुळे सूर लवकर विझतो आणि वरच्या पडद्यांवर बेसूरपणा जाणवतो. तीन सिरॅमिक चुंबकांच्या सेमूर डंकन इन्व्हेडरसारख्या पिकअपला हे विशेष लागू आहे. असा पिकअप एक-दोन मिलिमीटर खाली घेतला की आवाज मोकळा होतो, आणि जोर तरीही पुरेसा उरतो.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपने जोर वाढवताना चमक टिकवण्याचा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला. रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ईएमजीच्या ८१ या पिकअपमध्ये कॉइलचे वेढे कमी असतात आणि पिकअपच्या डबीतच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअ‍ॅम्प बसवलेला असतो. जोर प्रीअ‍ॅम्प पुरवतो, त्यामुळे वेढ्यांचा भार नाही. प्रीअ‍ॅम्पचा निर्गम रोध कमी असल्याने केबल कितीही लांब झाली तरी चमक हरवत नाही. त्यासोबत पॉटही ५०० ऐवजी २५ किलोओहमचे लावावे लागतात. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्ड आणि कर्क हॅमेट यांच्यामुळे ईएमजी मेटलशी जोडले गेले. पण स्टुडिओत सर्व प्रकारच्या गायकांसाठी वाजवणाऱ्या स्टीव्ह ल्युकथरनेही ईएमजी वर्षानुवर्षे वापरले. ८१ ला स्प्लिट करता येत नाही. ती सोय ८९ मध्ये आहे. २०१४ मध्ये आलेल्या फिशमनच्या फ्लुएन्सने वेढ्यांऐवजी छापील कॉइलचे थर वापरले आणि एकाच पिकअपमध्ये दोन वेगळे स्वभाव खटक्यावर आणले.

आजच्या अ‍ॅम्पना आणि डिजिटल मॉडेलरना गेनची कमतरता नाही. त्यामुळे केवळ डिस्टॉर्शनसाठी जोरकस पिकअप आता अपरिहार्य उरलेला नाही. उलट घरी संगणकावर ध्वनिमुद्रण करताना त्याचा त्रासही होतो. ऑडिओ इंटरफेसचा गेन शून्यावर असला तरी जोराच्या आघाताला संदेश मर्यादेबाहेर जातो आणि डिजिटल फाटणे कानाला बोचते. अशा वेळी इंटरफेसवरचे पॅड बटण दाबावे, नाहीतर पिकअप खाली घ्यावा.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. एकसर जोडणीत हरवलेला वरचा झंकार टोनच्या नॉबने परत येत नाही. टेलिकास्टरची धारदार टणत्कारी कडा स्प्लिट केलेला हम्बकर जवळ नेतो, हुबेहूब देत नाही. बोटांच्या दाबातले बारीक चढउतार मध्यम आउटपुटच्या पिकअपवर अधिक ठळक उमटतात. ज्याला केवळ जॅझ किंवा केवळ कंट्री वाजवायचे आहे त्याने दुसरा पिकअप घ्यावा. परंतु एकाच गिटारवर लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून कॉलेजच्या रॉक स्पर्धेपर्यंत सगळे वाजवायचे असेल, तर ब्रिजला चार तारांचा जोरकस हम्बकर, नेकला मध्यम हम्बकर, व्हॉल्यूमवर चमक टिकवणारा कपॅसिटर आणि समांतर जोडणीचा एक पुश-पुल पॉट ही मांडणी आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत हुकमी आहे. नवा पिकअप विकत घेण्याआधी मात्र हाती असलेल्या पिकअपमधून किती तारा बाहेर येतात ते गिटार उघडून पाहावे. चार असतील तर निम्मे काम सोल्डरिंगनेच होईल.